दंतपवन, भ्रमणध्वनी आणि पादांशिक क्रम

बालकांना दात घासण्याची सवय लागावी यासाठी भ्रमणध्वनीवरील खेळांचा उपयोग करावा किंवा कसे, हा प्रश्न वैद्यांच्या त्रैमासिकात चर्चेस यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या संघटनेच्या बैठकांत हा विषय अलीकडे दोन वेळा निघाला. काही तरुण वैद्यांनी असे सुचविले की, संघटनेने स्वतःच एखादे मराठी ॲप तयार करवून घ्यावे, दंतपवनाचा शास्त्रोक्त विधी त्यात खेळाच्या रूपाने घालावा आणि सभासदांच्या चिकित्सालयांतून त्याचा प्रसार करावा. काही ज्येष्ठांनी त्यास तत्काळ विरोध केला. मुलांच्या हातून हे यंत्र काढून घेण्याचे सोडून वैद्यच ते त्यांच्या हाती देणार काय, असा त्यांचा सवाल होता. दोन्ही पक्षांचे म्हणणे आम्ही लक्षपूर्वक ऐकले. दोहोंत तथ्य आहे. मात्र एक महत्त्वाची गोष्ट दोहोंच्याही नजरेतून सुटते आहे, असे आमचे मत झाले. ते येथे सविस्तर मांडत आहोत.

प्रश्नाचे गांभीर्य

प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे की, बालकांचे किडलेले दात हा किरकोळ विषय नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षे वयाच्या सुमारे निम्म्या बालकांचे दात किडलेले आढळले होते. आमच्या छत्रपती संभाजीनगरातील कोणत्याही चिकित्सालयात अग्निमांद्य, अरुची, वजन न वाढणे अशा तक्रारींसाठी आणलेल्या दहा मुलांची तोंडे उघडून पाहावीत. कृमिदंताची काळी रेघ किती जणांच्या दाढांवर दिसते, हे ज्याचे त्याला कळेल. ज्या मुलाला एका बाजूने चावता येत नाही, ते भाकरी टाळते, मऊ आणि गोड तेवढेच खाते. आणि आपण मात्र त्याला दीपन-पाचनाचे कल्प देत राहतो.

‘दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत,’ हे वाक्य आपण सर्वांनी पालकांच्या तोंडून ऐकले आहे. त्यात दोन प्रमाद आहेत. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत मुखात राहतात आणि कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. त्या अकाली गेल्या तर मागून येणाऱ्या दातांची रांग बिघडते. दुसरे असे की, वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ उगवते. ती कोणत्याही दाताच्या जागी येत नाही, म्हणून आधी काही पडत नाही आणि म्हणूनच ती आल्याचे घरात कोणाला कळत नाही. आयुष्यभर टिकावयाची ही दाढ ‘दुधाचीच’ समजली जाते आणि पुष्कळदा उगवल्यापासून दोन-तीन वर्षांतच किडते. काश्यपसंहितेत दंतजन्मासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि एकदाच उगवणारे दात कोणते व पुन्हा उगवणारे कोणते याचा विचार त्यात केलेला आहे. कौमारभृत्याचे अध्ययन केलेल्या वैद्याने तरी सहाव्या वर्षीची ही दाढ पालकांना बोट ठेवून दाखवावयास हवी.

शास्त्र काय सांगते

दंतपवन हा दिनचर्येतील आरंभीचा विधी आहे. चरकांनी तो दिवसातून दोन वेळा सांगितला. वाग्भटांनी प्रातःकाळी आणि भोजनोत्तर असे त्याचे काळ दिले, काडीची लांबी बारा अंगुळे व जाडी करंगळीच्या टोकाएवढी सांगितली. सुश्रुतांनी चिकित्सास्थानात निंब, खदिर, मधूक व करंज यांना आपापल्या रसांत श्रेष्ठ ठरविले, आणि मऊ कुंच्याने एकेक दात स्वतंत्रपणे घासावा असे स्पष्ट सांगितले. दंतमांसास इजा होऊ नये, ही सूचना चरक आणि वाग्भट दोघेही देतात. ज्वर, कास, श्वास, छर्दी, अजीर्ण, मुखपाक अशा अवस्थांत दंतपवन वर्ज्य आहे, हेही आपण जाणतो.

यातील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. पहिली, एकेक दात. दुसरी, हिरडीला न दुखविता. ब्रश असो की लिंबाची काडी, विधीचे सार या दोन सूचनांत आहे, आणि दोहोंना लागते ते अवधान. हात कोठे आहे हे मनाला ठाऊक असले पाहिजे.

येथे काडीच्या अभिमान्यांना एक विनम्र सूचना करावीशी वाटते. चार वर्षांच्या मुलाच्या हाती लिंबाची काडी देऊन परंपरा जपली जात नाही. ती नीट चावून तिचा कुंचा करणे व तो दाढेच्या आतील बाजूस फिरविणे त्या वयात साधत नाही, आणि हिरडी मात्र सोलली जाते. लहान डोक्याचा मऊ ब्रश हा सुश्रुतोक्त मृदु कुंच्याचा आजचा पर्याय मानण्यास आम्हांस कोणताही संकोच वाटत नाही. पेस्टविषयीही पूर्वग्रह नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा समावेश आवश्यक औषधांच्या सूचीत केला आहे. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी, आणि ती थुंकावयास शिकवून, हे तिचे प्रमाण होय. नांदेड, यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांच्या ज्या भागांत भूजलातच फ्लोराइड अधिक आहे, तेथे दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. मात्रेचा विचार ही तर आपल्या शास्त्राचीच शिकवण आहे.

खेळ आणि बक्षिसे

आता खेळांकडे वळू. या प्रकारची ॲप्स दशकाहून अधिक काळ प्रचारात आहेत. ब्रिटनमधील एका दंतवैद्याने काढलेले ‘ब्रश डीजे’ केवळ दोन मिनिटे संगीत वाजविते. ओरल-बी आणि डिस्ने यांच्या ‘मॅजिक टायमर’मध्ये मूल दात घाशीत असता पडद्यावरील चित्र हळूहळू उलगडत जाई. कोल्गेटने २०१९ साली ‘मॅजिक’ नावाचा ब्रश आणला, त्यात कॅमेऱ्यापुढे दात घासता घासता खेळ खेळावयाचा असे. जून २०२० मध्ये ‘पोकेमॉन स्माईल’ आले. त्यात भ्रमणध्वनीचा कॅमेरा मुलाचा चेहरा टिपतो, घासण्याच्या हालचालीबरोबर पडद्यावरील जंतू नाहीसे होतात आणि त्यांच्या तावडीतील पोकेमॉन सुटतो. अशा साधनांवर झालेल्या अनेक अभ्यासांत दातांवरील किटण कमी झाल्याचे आढळले आहे; मात्र त्यांतील बहुतेकांचा कालावधी काही आठवडे ते काही महिने एवढाच आहे. आरंभ करून देण्यास खेळ उपयोगी पडतो, इतके यावरून निःशंकपणे म्हणता येते. सवय टिकते काय, हा प्रश्न मात्र मागे उरतोच.

दात घासण्यासाठी मुलांना लालूच दाखविणे ही काही नवी कल्पना नव्हे. आमच्या वाचकांपैकी जे पन्नाशी-साठी ओलांडलेले आहेत त्यांना बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून निघणारे प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी निश्चित आठवत असतील. हत्ती निघाला, जिराफ निघाला, याची शाळेत देवघेव चाले. त्या प्राण्यांपायी कित्येक घरांत टूथपेस्ट बदलली. परंतु विचार केला असता असे दिसते की, तो प्राणी नळी विकत घेतल्याबद्दल मिळत असे, दात घासल्याबद्दल नव्हे. किंबहुना नळी लवकर संपावी म्हणून ती मोरीत पिळणारे महाभागही आमच्या वर्गात होते. बक्षीस ज्या कृतीस जोडलेले असते, ती कृती मूल शिकते. बालमनाचा हा सरळ हिशेब आहे.

एक उदाहरण

या संदर्भात आमच्या चिकित्सालयातील एक अनुभव सांगणे उचित होईल. साडेपाच वर्षांच्या एका मुलास त्याची आई अरुचीच्या तक्रारीसाठी घेऊन आली. ती वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारी. सकाळच्या पाळीस मूल उठण्यापूर्वी घर सोडावयाचे, ही तिची परिस्थिती. मुखपरीक्षण करता खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा किडलेल्या दिसल्या. दात कोण घासवते, असे विचारताच ती काहीशा अभिमानाने म्हणाली, “त्याचं तोच घासतो, डॉक्टर. मोबाईलवर गेम आहे. एक दिवस चुकवत नाही.” तिने भ्रमणध्वनी काढून दाखविला. पडद्यावर सलग दीड-दोन महिन्यांच्या चांदण्या झळकत होत्या.

आम्ही त्या मुलास तेथेच दात घासून दाखविण्यास सांगितले. खेळ सुरू झाला. मुलाचे डोळे पडद्यावर खिळले. हात समोरच्या चार दातांवर वेगाने आडवा फिरू लागला. मान यंत्राकडे वळलेली असल्याने ब्रश एकाच बाजूस राहिला. दोन मिनिटे पूर्ण झाली, चांदणी मिळाली, आणि दाढांना ब्रशचा स्पर्शही झाला नव्हता. कॅमेऱ्यास मुलाचा चेहरा आणि हाताची हालचाल दिसते. दाढेची जिभेकडील बाजू त्यास दिसणे शक्य नाही. यानंतर आम्ही खेळ बंद करून पुन्हा घासावयास सांगितले, तेव्हा मुलाने ओठ मिटून घेतले. त्याच्या लेखी खेळ नाही तर दात घासणेही नाही.

येथे त्या मातेस दोष देण्याचा विचारही आमच्या मनास शिवला नाही. पहाटे घर सोडणाऱ्या स्त्रीने आपल्या अनुपस्थितीत मुलाने दात घासावेत म्हणून जे साधन हाती आले ते वापरले, आणि मुलाने ब्रश हाती धरला हे त्या खेळाचे श्रेय होयच. परंतु चांदण्यांची रांग पाहून घरातील सर्व जण निश्चिंत झाले, आणि त्या निश्चिंतीत दाढा किडत राहिल्या. आमच्या मते या खेळांचा खरा धोका हाच आहे. मूल बिघडेल याहून अधिक, मोठी माणसे पाहावयाचे सोडून देतील, याची भीती वाटते. साधारणतः सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात सर्व दात स्वतः स्वच्छ करण्याइतका सिद्ध झालेला नसतो. तोपर्यंत मोठ्या माणसाने शेवटी स्वतः ब्रश फिरविणे, निदान जवळ उभे राहून पाहणे, अनिवार्य आहे. हे काम कोणतेही ॲप करू शकत नाही.

त्याच घरात आजी होत्या. मुलाबरोबर त्याही आल्या होत्या. “आजी, तुम्ही सकाळी त्याच्याजवळ असता ना?” असे विचारले, तेव्हा त्या संकोचून म्हणाल्या, “असते की. पण माझी मशेरी लावायची वेळ तीच.” मशेरीविषयी महाराष्ट्रातील वैद्यास काय सांगावे! तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड दात स्वच्छ करण्याच्या नावाखाली हिरडीवर चोळली जाते. प्रारंभी दातांसाठी म्हणून घेतलेली चिमूट पुढे दिवसातून चार-पाच वेळा लागते, कारण दात मागे पडतात आणि तलफ पुढे येते. केंद्र सरकारने १९९२ साली टूथपेस्ट व दंतमंजनांत तंबाखू वापरण्यास मनाई केली, तरी मशेरी घराघरांतून गेली नाही. मुखशुद्धीच्या विधीस बाहेरचे सुख जोडले की विधी निमित्तमात्र उरतो आणि सुखच मुख्य होते, याचे याहून ठळक उदाहरण आपल्या प्रांतात शोधून सापडणार नाही. खेळास आम्ही तंबाखूच्या पंक्तीस बसवीत नाही. तसे करणे अन्यायाचे होईल. मात्र त्या घराच्या मोरीत आजी आणि नातू शेजारी शेजारी उभे राहून, दोघेही दातांखेरीज दुसऱ्याच कशासाठी तरी दात घाशीत होते, हे चित्र आमच्या मनातून जात नाही.

अनुपान आणि पादांशिक क्रम

मग खेळ वर्ज्य ठरवावा काय? आमचे तसे मत नाही. कडू औषध बालकास मधातून द्यावे, हे आपण नित्य करतो. मध हे तेथे अनुपान आहे. मुलास मध आवडतो म्हणून कोणी केवळ मधच देत बसत नाही, आणि औषध पोटात गेले किंवा नाही हे पाहणारे कोणी तरी समोर असते. खेळाकडे याच दृष्टीने पाहावे. तो अनुपान आहे. औषध आहे दात घासणे. अनुपानाची मात्रा आणि अवधी ठरविणे हे वैद्याचे व पालकांचे काम आहे.

अवधी कसा ठरवावा याचे उत्तर चरकांनी देऊन ठेवले आहे. अहितकर सवय सोडताना आणि हितकर सवय धरताना ती चतुर्थांशाने, मध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर वाढवीत जाऊन, क्रमाक्रमाने सोडावी व धरावी, असा तो पादांशिक क्रम आहे. क्रमाने गेलेले दोष परतत नाहीत आणि क्रमाने आलेले गुण स्थिर होतात, हे त्यामागील तत्त्व. आपण ते चहा, दिवास्वाप, विरुद्धाशन यांसाठी सांगतो. खेळासाठीही ते तंतोतंत लागू पडते. आम्ही त्या कुटुंबास पुढीलप्रमाणे चार पायऱ्या सांगितल्या.

पहिली पायरी, दोन्ही वेळा खेळ असो. पण यंत्र मोठ्या माणसाच्या हाती, आणि खेळ संपल्यावर त्याच माणसाने दाढांवरून स्वतः ब्रश फिरवावा. दुसरी पायरी, सकाळी खेळ, रात्री नाही. रात्री त्याऐवजी कोणी तरी मोजावे किंवा गाणे म्हणावे. तिसरी पायरी, सकाळी यंत्र पालथे ठेवावे. आवाज ऐकू येईल, चित्र दिसणार नाही. चौथी पायरी, यंत्र मोरीत येणारच नाही. प्रत्येक पायरीवर मुलाची तयारी पाहून सात-आठ दिवस थांबावे, आणि मूल अडले तर रागावण्याऐवजी एक पायरी खाली यावे.

रात्रीचा खेळ प्रथम काढावा, असे आम्ही का म्हणतो? भारतीय बालरोग अकादमीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक दाखवू नये. दोन मिनिटांचे दोन खेळ या हिशेबात चार मिनिटांचे होतात. तेवढ्याने मोठे नुकसान होईल असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. चिंता मिनिटांपेक्षा स्थानाची आहे. उठताच पहिली वस्तू आणि निजण्यापूर्वी शेवटची वस्तू भ्रमणध्वनी असेल, तर दिनचर्येची दोन्ही टोके त्याच्या हाती जातात, आणि एकदा हाती आलेले यंत्र चार मिनिटांनी परत मिळविणे किती कठीण आहे, हे पालकच जाणतात. शिवाय रात्रीचे घासणेच अधिक महत्त्वाचे. निद्रेत लाळ कमी होते, आणि दातांत राहिलेल्या गोड अन्नावर जंतूंना रात्रभर आम्ल तयार करावयास मोकळीक मिळते. जी वेळ अधिक मोलाची, ती आधी यंत्रावाचून उभी राहिली पाहिजे.

पालकांना आणखी एक सूचना द्यावी. मुलाचा चेहरा टिपणारे कोणतेही ॲप घेण्यापूर्वी ते काय साठवते आणि कोणत्या जाहिराती दाखविते हे पाहावे. संसदेने २०२३ साली केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली असून मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींस मनाई केली आहे. परंतु ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट टेकविणारा पालक काय मान्य करीत आहे हे त्यास माहीत नसेल, तर कायदा काय करणार? दंतपवनाच्या खेळात चॉकलेटची जाहिरात येत असेल, तर त्या खेळास रामराम ठोकावा.

एसटीची गाडी

आता त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो. किडलेल्या दाढांसाठी आम्ही त्यास घाटी रुग्णालयाशेजारील शासकीय दंत महाविद्यालयात पाठविले. जेथे छिद्र पडले आहे तेथे गंडूष-कवलाने भागत नाही, हे आपण स्वच्छ मान्य केले पाहिजे. पादांशिक क्रमाची जबाबदारी मात्र अनपेक्षितपणे आजोबांनी उचलली. ते राज्य परिवहनचे निवृत्त वाहक. दुसऱ्या पायरीवर रात्री ‘कोणी तरी मोजावे’ असे आम्ही सांगितले होते. आजोबांनी मोजण्याऐवजी गाडी सोडली.

मुलाच्या मुखात दुधाच्या आठ दाढा, आणि आपल्या जिल्ह्यात शहराचा तालुका सोडून आठ तालुके. समोरचे दात म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक. तेथून गाडी निघावयाची ती वरच्या उजव्या बाजूने सिल्लोड, मग सोयगाव. परत येऊन वरच्या डाव्या बाजूने खुलताबाद, मग कन्नड. खाली डावीकडे गंगापूर, मग वैजापूर. आणि खाली उजवीकडे फुलंब्री व पैठण. फुलंब्री पैठणच्या वाटेवर कशी, असे आम्ही विचारले तेव्हा आजोबा म्हणाले, “ती गाडी जरा वळसा घेते, डॉक्टर.” प्रत्येक थांब्यावर एक घंटा थांबण्याची, मग बाहेरची बाजू, आतली बाजू आणि माथा घासावयाचा, मग दोन घंटा निघण्याच्या. एकही गाव चुकले तर प्रवासी उतरावयाचा राहिला म्हणून गाडी मागे न्यावयाची. सुश्रुतांनी एकेक दात घासावा म्हणून सांगितले ते या वाहकाने कधी वाचले नव्हते. पण त्याच्या खेळात एकही दात वगळता येत नव्हता, आणि मुलाच्या तोंडात काय चालले आहे हे पाहणारे दोन डोळे तेथे हजर होते. गेली कित्येक वर्षे काही दिवसांआड नळास पाणी येणाऱ्या आमच्या शहरात नळ सोडून दात घासणे परवडत नाही. त्यामुळे शेवटच्या थांब्यावर एका पेल्यात चूळ, असाही नियम आजोबांनी घातला.

सर्व काही सुरळीत झाले, असा दावा आम्ही करीत नाही. तिसऱ्या पायरीवर मूल दोनदा मागे गेले. आईची सुट्टी असेल त्या दिवशी तो अजूनही भ्रमणध्वनी मागतो. आजींची मशेरी पाच वेळांवरून दोनवर आली आहे, सुटलेली नाही. तिलाही आम्ही पादांशिक क्रमच लावला आहे. परंतु तीन-चार महिन्यांनी मूल पुन्हा आले तेव्हा खाली डावीकडे, वैजापूरच्या मागे, नवी दाढ डोकावत होती. आम्ही ती आईस दाखविली. मुलाने आजोबांकडे पाहून विचारले, आता गाडी कोठे जाणार? आजोबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “येवल्याला. जिल्हा ओलांडायचा.”

आपले कर्तव्य

यावरून आमच्या संघटनेपुढील सूचनेविषयी आमचे मत वाचकांच्या लक्षात आले असेल. संघटनेने ॲप काढू नये. बाजारात ती पुष्कळ आहेत, आणि आणखी एकाने कमतरता भरून निघणार नाही. कमतरता आहे ती दाढांकडे पाहणाऱ्या डोळ्यांची, आणि ती भरून काढण्याची संधी वैद्यांइतकी क्वचितच कोणास असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. त्याच्या फिरत्या पथकांत आयुष पदवीधर वैद्यकीय अधिकारी असतात. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी अपेक्षित असते. आणि तपासावयाच्या विकारांच्या सूचीत दंतविकारांचा समावेश आहे. म्हणजे आपलेच अनेक बंधू-भगिनी मराठवाड्याच्या गावोगावी मुलांसमोर उभे राहतात. त्यांच्या तपासणीतील अर्धे मिनिट सहाव्या वर्षीच्या दाढेसाठी राखले गेले, आणि सोबतच्या अंगणवाडी सेविकेस वा शिक्षकास ती दाखविली गेली, तर कोणत्याही ॲपहून अधिक काम होईल.

चिकित्सालयांत बसणाऱ्या वैद्यांसाठी आमची सूचना याहून सोपी आहे. बालरुग्णाच्या नोंदपत्रात आहार, निद्रा, मलप्रवृत्ती यांच्याखाली एक ओळ वाढवावी: रात्री दात कोण घासवते? उत्तर ‘कोणी नाही’ असे आले तर तेथून बोलणे सुरू करावे. उत्तर ‘मोबाईल’ असे आले तर पालकांस न हिणविता पहिली पायरी सांगावी. आणि उत्तर ‘आजोबा’ किंवा ‘आई’ असे आले, तरी तोंड उघडून दाढा पाहाव्यातच. जिव्हापरीक्षा करताना जीभ बाहेर काढावयास लावणारे आपण, जिभेच्या शेजारी उभ्या असलेल्या दाढेकडे न पाहता नाडीकडे वळतो, ही आपली जुनी चूक आहे. ती दुरुस्त करावयास ना यंत्र लागते ना निधी. पुढील बैठकीत हा विषय पुन्हा निघेल तेव्हा सभासदांनी आपापल्या नोंदपत्रांतील या एका ओळीची उत्तरे बरोबर आणावीत, अशी विनंती करून येथेच थांबतो.